आईच्या बाथरूमचा निळा

आईचा डोंबिवलीतला फ्लॅट ऐंशीच्या दशकातल्या इमारतीत आहे. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे बाथरूमला कमरेच्या थोड्या वरपर्यंत सहा बाय सहाच्या पांढऱ्या टाइल्स आणि त्यावर थेट छतापर्यंत ऑइलपेंट. खिडकी डक्टमध्ये उघडते, त्यामुळे आत येतो तो समोरच्या भिंतीवर आपटून आलेला उजेड, आणि तोही दुपारचे दोन-तीन तासच. वरच्या फ्लॅटमधल्या गळतीने एका भिंतीला ओल आली आणि रंगाचे पापुद्रे सुटले. वरच्यांनी वॉटरप्रूफिंग करून घेतलं, तेव्हा आता रंग काढूनच घ्यावा असं ठरलं. भाऊ म्हणाला, पांढराच दे, जागा लहान आहे. आई म्हणाली, निळा.

तिच्या या मागणीला कारण होतं. थोड्याच दिवसांपूर्वी तिच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. पट्टी निघाल्यावर घरात वावरताना तिने मला विचारलं, "ही बादली नवीन आणलीस का गं?" बादली जुनीच होती, कित्येक वर्षं त्याच नळाखाली असलेली निळी प्लॅस्टिकची. आईला ती इतके दिवस करडी दिसत होती आणि तसं दिसतंय हे तिला ठाऊकच नव्हतं. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळट, पुढे तपकिरी होत जातं आणि असं भिंग सगळ्यात आधी निळा प्रकाश अडवतं. हे इतकं सावकाश होतं की माणसाला काही हरवल्याचा पत्ता लागत नाही. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन १९२३ साली झालं, त्यानंतर सगळंच फार निळं दिसतं अशी त्याची तक्रार होती. आईची तक्रार नव्हती. तिला ते आणखी हवं होतं.

दुकानातून शेडकार्ड घरी आणलं आणि आम्ही तिघी बसलो, आई, मी आणि माझी मुलगी. मुलीला मोरपंखी हवा होता, मला शाईसारखा गडद. आई एकेक डोळा तळव्याने झाकून बघत होती. डाव्याने बघितलं की म्हणायची, "हा गोकर्णीचा," आणि त्याच चौकोनाला उजव्याने, "हा मळका पांढरा." एकाच माणसाला एकाच वेळी दोन वेगळे निळे दिसत होते. डॉक्टरांनी दुसरा डोळा महिन्याभराने करू म्हटलं होतं. भिंतही अजून ओली होती, ओल पूर्ण सुकल्याशिवाय पुट्टी भरू नका असं पेंटरकाकांनी बजावलंच होतं. मग मी ठरवलं, रंग दुसऱ्या डोळ्यानंतरच. बाथरूम आई वापरणार, तर तिचे दोन्ही डोळे जे बघतील तेच खरं धरायचं.

मधल्या दिवसांत आईकडून माहेरच्या घराचं बरंच ऐकायला मिळालं. गुहागरला गणपतीच्या आधी भिंतींना चुना लागायचा, त्यात नीळ कालवलेली. चिमूटभर घातली तर चुन्याचा पिवळेपणा मरून भिंत पांढरीशुभ्र दिसते, हात सैल सोडला तर निळी होते. तिची काकू माजघराला मुद्दाम हात सैल सोडून नीळ घालायची. ती नीळ म्हणजे अल्ट्रामरीन, कपड्यांना घालायची तीच. चुन्याच्या तीव्र अल्कलीत ती टिकते, प्रशियन ब्लू मात्र चुन्यात बिघडून तपकिरी पडतो. काकूला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण तिचं माजघर वर्षभर निळं राहायचं. न्हाणीला मात्र कधी रंग लागला नाही. तिथे बंब आणि चूल, भिंती धुराने काळ्याकुट्ट. अंघोळीच्या खोलीची भिंत निळी असावी ही आईने आयुष्यात पहिल्यांदाच केलेली मागणी होती, आणि ती नीट पुरी व्हावी असं मला फार वाटत होतं.

दुसरा डोळा झाला. सवडीने दुकानात गेलो. हल्ली बहुतेक निळे डब्यात तयार मिळत नाहीत, बेसमध्ये मशीन थेंब सोडतं. त्यातला मुख्य निळा बहुधा थॅलोसायनिन, तांब्याचं संयुग, १९३०च्या दशकात बाजारात आलेलं. अगदी थोड्या मात्रेतही ते भरपूर रंग देतं, म्हणून फिकट निळ्यात त्याचा एखादा थेंब इकडेतिकडे झाला तरी छटा बदलते. गडद निळ्यासाठी बेसमध्ये पांढरं रंगद्रव्य कमी असतं, त्यामुळे तो झाकतो कमी आणि हात जास्त मारावे लागतात. दुकानदारांनी हे सांगितलं तेव्हा माझा शाईसारखा निळा मी मनातून काढून टाकला. शिवाय लहान खोलीत चारही भिंती एकमेकींवर रंग फेकतात, कार्डावरचा निळा तिथे दुप्पट गडद वाटतो.

पेंटरकाकांचा आग्रह ऑइलपेंटचा होता. "ताई, पाण्याची जागा आहे, ऑइलच टिकणार." टिकण्याबद्दल त्यांचं बरोबर होतं. पण जुना आरसा काढला तेव्हा त्याच्यामागची भिंत बाकीच्या भिंतीपेक्षा जास्त पिवळी निघाली. ऑइलपेंट अंधारात पिवळा पडतो, आणि ही खोली तर दिवसाचे बरेच तास अंधारीच. फिकट निळ्यावर तो पिवळेपणा चढला की रंग हिरवट होणार. जो पिवळा पडदा आईच्या डोळ्यांवरून नुकता काढला, तोच भिंतीवर परत कशाला चढवायचा? मी पाण्यातलं, सॅटिन फिनिशचं, बुरशीला दाद न देणारं एमल्शन घेतलं. काकांनी कुरकुर केली, पण जुना गुळगुळीत थर पत्रीने खरवडून, पॉलिश पेपरने घासून, प्रायमर इतका नीट मारला की मी त्यांची ऋणीच आहे.

प्रायमरवर तीन निळे हात-दीड हात रुंदीचे लावले. ओलं एमल्शन फिकट दिसतं आणि सुकताना गडद होतं, म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी मत द्यायचं नाही असं मी सांगून ठेवलं. मग आईला दुपारी डक्टच्या उजेडात नेलं, रात्री दिव्यात नेलं. भावाने मध्यंतरी पिवळसर उजेडाचा बल्ब लावला होता. त्याच्याखाली आकाशी शेवाळी दिसू लागला आणि मोरपंखी सरळ हिरवा. तिसरा, किंचित जांभळाकडे झुकणारा मध्यम निळा तेवढा निळा राहिला. बल्ब बदलून मी ४००० केल्विनचा, ना पिवळा ना पांढराफटक, असा लावला तेव्हा तर आई म्हणाली, "हाच. काकूच्या माजघराचा हाच." तो तसाच होता का हे ताडून बघायला ते घर आता उरलेलं नाही, पण मुलीनेही मोरपंखीचा हट्ट तिथल्या तिथे सोडला.

मला स्वतःला हा निळा आणखी एका कारणासाठी पटला. दाराशी खांद्याच्या उंचीवर उभी आधाराची दांडी बसवायची होती. भिंत पांढरी असती तर पांढरी दांडी तिच्यात विरून गेली असती. डोळे बरे झाले तरी पंचाहत्तरीत मंद उजेडात पांढऱ्यावरचं पांढरं ओळखणं कठीण जातं. निळ्यावर ती आईला दारातूनच दिसते आणि हात न चाचपडता तिथे जातो. वृद्धांच्या बाथरूमचा रंग ठरवताना हे आधी बघावं, असं मला आता अगदी ठाम वाटतं. बटणांची पांढरी पाटीही तशीच उठून दिसते. छत पांढरंच ठेवलं, जो काही उजेड येतो तो खाली फेकायला.

दोन हातांत काम झालं. लिटरभर रंग उरला. डब्यावरचा मशीनचा कोड उतरवून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे, वरून पुन्हा पाणी आलंच तर काकांना तो कागद दाखवायचा. भावाने आता हॉलसाठीही शेडकार्ड मागवलंय.