गणेशखिंडीतील वहिवाट

जमिनीच्या व्यवहारात मालकी आणि वहिवाट या दोन निराळ्या गोष्टी असतात, हे आपल्याकडील शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. सातबाऱ्यावर नाव एकाचे असते आणि बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या गाडी नेणारा दुसराच असतो. पुढे कज्जा उभा राहिला तर या दुसऱ्यापाशी दाखवावयास दस्तऐवज नसतो, तो मातीत उमटलेली चाकोरी दाखवतो. सार्वजनिक विद्यापीठ सरकारचे, कुलगुरूंचे, प्राध्यापकांचे की विद्यार्थ्यांचे, असा वाद सभा-संमेलनांतून निघतो तेव्हा माझे मत या चाकोरीच्या बाजूने पडते. आणि ज्या आवारात मी उमेदीची वर्षे काढली, त्या पुणे विद्यापीठाची हकीकत पाहिली तर ते मत अगदीच निराधार आहे असे वाटत नाही.

१० फेब्रुवारी १९४९ रोजी हे विद्यापीठ अस्तित्वात आले तेव्हा त्याला स्वतःचे छप्परही नव्हते. पहिले कुलगुरू डॉ. मुकुंदराव जयकर यांचे दप्तर भांडारकर संस्थेच्या आवारातील निजाम गेस्ट हाऊसमध्ये मांडले गेले, आणि मुंबई सरकारचे प्रमुख बाळासाहेब खेर यांनी मनावर घेतले म्हणून काही महिन्यांतच ते तेथून हलून गणेशखिंडीत, साक्षात गव्हर्नरांच्या निवासस्थानी येऊन स्थिरावले. हे निवासस्थान सर बार्टल फ्रिअर यांनी १८६४ मध्ये बांधावयास घेतले आणि ते पुरे व्हावयास १८७१ साल उजाडले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या काळातील सढळ हाताची खूण त्या ऐंशी फुटी मनोऱ्यावर आणि कमानींवर आजही दिसते. या उधळपट्टीबद्दल विलायतेतही कुरकुर झाली होती. स्वयंपाकघरातून मेजवानीच्या दालनाकडे जाणारा एक भुयारी मार्ग या वास्तूत आहे, आणि ताटे वाहणारे नोकर साहेबलोकांच्या दृष्टीस पडू नयेत हा त्यामागचा हेतू होता, असे सांगतात. जेथे वाढणाऱ्याचे तोंडही दिसू द्यावयाचे नाही असा शिरस्ता होता, त्याच आवारातील रिफेक्टरीत पुढे जेवणारे आणि वाढणारे एकमेकांना नावाने हाका मारू लागले, ही क्रांती कोणत्याही गॅझेटात नोंदलेली नाही.

इतिहासाने या जागेवर आणखी एक विलक्षण गाठ मारून ठेवली आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने गाठले आणि १० मार्च रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर पुरते चार महिनेही लोटले नव्हते, तोच २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या या प्रासादात महाराणी व्हिक्टोरिया यांच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी झडली, आणि ती आटोपून परतताना प्लेग-बंदोबस्ताचा अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. त्या रात्रीच्या निमंत्रितांच्या यादीत जिचे नाव येणे कल्पनेतही शक्य नव्हते, तिचे नाव २०१४ साली या संपूर्ण आवाराला मिळाले. एरवी नामांतरांचे मला फारसे कौतुक नाही, कारण पाटी बदलली म्हणजे कारभार बदलतो असे नाही. पण येथे पाटी कारभाराच्या मागाहून आली. नाशिक आणि नगर जिल्ह्यांतील वाड्यावस्त्यांवरच्या मुली या दिंडीदरवाजातून ग्रंथ घेऊन जाऊ-येऊ लागल्यानंतर कित्येक वर्षांनी सरकारला हे नाव सुचले.

सरकारदरबारी या जागेचे क्षेत्रफळ चारशे एकरांहून अधिक भरते. त्यावर वर्ग आहेत, विभाग आहेत, डॉ. जयंत नारळीकरांनी १९८८ साली उभारलेले आणि चार्ल्स कोरिया यांनी आराखडा केलेले खगोलशास्त्राचे आयुका हे केंद्र आहे. त्यांविषयी माहितीपत्रकांतून पुष्कळ वाचावयास मिळते. परंतु एखाद्या वसाहतीचा समाज होतो तो विभागांच्या भिंतींत होत नाही. तो वडाखाली होतो, झेरॉक्सच्या दुकानापुढच्या रांगेत होतो, आणि मुख्यतः जयकर ग्रंथालयात, जेथे बौद्ध तत्त्वज्ञानाचा संशोधक आणि एमपीएससीचा उमेदवार एकाच टेबलाशी वर्षानुवर्षे बसतात आणि एकमेकांचे आडनावही न विचारता एकमेकांची जागा राखतात. ‘कमवा आणि शिका’ योजनेतील मुलगा तेथे पुस्तकांवरची धूळ झटकतो आणि तास भरल्यावर तीच पुस्तके घेऊन वाचावयास बसतो. श्रमाची लाज वाटू नये असे शिक्षण कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याकडे दिले, त्याचाच हा एक फाटा या गॉथिक कमानींखाली येऊन पोहोचला.

आपल्या सर्वच सार्वजनिक विद्यापीठांच्या वसतिगृहांत प्राण्यांची एक जात आढळते, जिला विद्यार्थ्यांच्या बोलीत ‘पॅरासाइट’ म्हणतात. याचे नाव यादीत नसते, खाट मित्राची असते, गादी जमिनीवर असते, आणि रेक्टर रात्री फेरीला निघाले की हा गृहस्थ उशी बगलेत मारून शेजारच्या इमारतीत अभ्यासाला जातो. त्याची पदवी केव्हाच झालेली असते, गावी परतावे तर हातात हुकूम नाही, आणि शहरात कॉट बेसिसवर राहावे तर खिशात पैसा नाही. कायद्याने पाहता तो अतिक्रमण करणारा. तथापि कोणत्या प्राध्यापकांचे मागील किती वर्षांचे प्रश्न पाहावेत, कोणती मेस महिनाअखेरीस उधार चालवते, शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या टेबलावर अडतो, हे सारे ज्ञान त्याच्याच ठायी साठलेले असते. अधिकृत विद्यार्थी दोन वर्षांत निघून जातात, हा राहतो. याच जातीतील कित्येकजण पुढे तहसीलदार झाले आहेत, आणि शेतरस्त्याच्या वहिवाटीचे दावे ऐकून निकाल देत आहेत.

याला दुसरी बाजू नाही असे मी म्हणत नाही. एका खोलीत दोघांच्या जागी पाचजण निजू लागले म्हणजे नव्याने आलेल्या लाजऱ्या पोराचे काय होते, हे मी पाहिले आहे. न्हाणीघरापासून टेबलापर्यंत प्रत्येक गोष्टीत त्याचा क्रमांक शेवटचा. मुलींना तर हा आडमार्गही सहसा उपलब्ध नसतो, यादीत नाव नसेल तर त्यांना घरची वाट धरावी लागते. तेव्हा वहिवाटीचा हक्क हा बळकटांचा हक्क होऊन बसण्याचा धोका येथेही आहेच. त्यावर नोंदवहीची कडक तपासणी हा उपाय कोणालाही चटकन सुचतो. खाटा वाढवणे हा उपाय सुचावयास पैसे लागतात, म्हणून तो सुचत नाही.

आणि तरीही, कोपरगावाहून किंवा निफाडहून पहाटेची एसटी धरून आलेला एखादा बाप, मुलीच्या मायग्रेशनच्या दाखल्यासाठी कागदांची पिशवी पोटाशी धरून मुख्य इमारतीसमोर उभा असतो, तेव्हा त्याला वाट दाखवणारा अधिकृत इसम क्वचितच जवळ सापडतो. मागे एकदा असाच एक गृहस्थ पाटीमागून पाटी वाचत हिंडत होता. दाढी वाढलेला, काखेत चालू घडामोडींचे मासिक घेतलेला एक तरुण त्याच्यापाशी थांबला, त्याने पिशवीतले कागद काढून क्रमाने लावले, एक गुणपत्रिका कमी आहे हे दाखवले आणि म्हणाला, “काका, आधी हिची झेरॉक्स काढा, मग चलन भरा. जेवणाच्या सुट्टीअगोदर खिडकी गाठा, नाहीतर आजचा खेटा फुकट जाईल.” तुम्ही इथे नोकरीला आहात का, असे त्या गृहस्थाने आदराने विचारले. “नाही,” तो म्हणाला, “मी इथला आहे,” आणि ग्रंथालयातली जागा जाईल म्हणून घाईने निघाला.