ओठांनाही सुट्टी हवी
लग्नसराईत बँडवाल्याच्या ओठांची चौकशी कुणी करत नाही. वरात चार-चार तास चालते, मागे डीजे दणाणतो, आणि त्यावरही ट्रम्पेट ऐकू आला पाहिजे. मग माउथपीस ओठांवर दाबला जातो. रक्त अडते, ओठ सुजतो, बधिर होतो. गेल्या मे महिन्यात माझा वरचा सूर निघेनासा झाला. नुसती हवा फुसफुसायची.

तोंडाभोवती एक गोल स्नायू असतो. ताण फार झाला तर तो फाटूही शकतो. लुई आर्मस्ट्राँग यांना ओठांनी फार छळले. १९८२ मध्ये या दुखापतीला त्यांच्याच टोपणनावावरून ‘सॅचमो सिंड्रोम’ हे नाव मिळाले.

माझा स्नायू शाबूत होता. डॉक्टरांनी तीन आठवडे वाजवणे बंद केले. तेवढ्या सुपाऱ्या गेल्या. घर बायकोच्या शिलाई मशीनवर चालले. नंतर रोज पाच मिनिटे, खालचे सूर, हलक्या आवाजात. जेवढे वाजवायचे तेवढेच थांबायचे. दुखले की ट्रम्पेट पेटीत.

आता वरातीत आम्ही दोघे आळीपाळीने वाजवतो. माझ्या वाट्याची बिदागी कमी झाली. पण सीझन दरवर्षी येतो; ओठ एकदाच मिळतात.