हक्कसोड

वडिलांचे दिवस उरकले की वारसनोंद होते आणि कितीतरी बायकांचं नाव आयुष्यात पहिल्यांदा सातबाऱ्यावर चढतं. ज्या वावरात कापूस वेचला, बांधावरच्या बोरीखाली भाकर खाल्ली, त्या वावराच्या कागदावर आई आणि भावांच्या जोडीला आपलं नाव! ते तिथं फार दिवस टिकत नाही. भावाचा फोन येतो, ‘ताई, सोमवारी तालुक्याला ये. आधार कार्ड, दोन फोटो घे. सही करायचीय.’

कसली सही, हे ती विचारत नाही. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठा टेकवते, कॅमेऱ्याकडे बघते. हक्कसोडपत्रात लिहिलेलं असतं : राजीखुशीने, विनामोबदला. तलाठी फेरफार धरतो, नोटिशीचे 15 दिवस सरतात आणि सातबाऱ्यावर तिच्या नावाला कंस पडतो. 1956 च्या कायद्यानं लेकीला वडिलांच्या मिळकतीत वाटा दिला, वडिलोपार्जित जमिनीत महाराष्ट्रानं 1994 मध्ये, देशानं 2005 मध्ये तिला मुलाच्या बरोबरीला आणलं. ते सगळं एका दुपारी संपतं.

या बायका भोळ्या नसतात. त्यांचा हिशेब पक्का असतो, फक्त तो एकरात मांडलेला नसतो. भाऊबीज, लेकरांच्या लग्नातला मामाचा आहेर, आणि सासरी काही बिनसलंच तर हक्कानं जाता येईल असं एक दार. भाऊही दरवेळी लबाड नसतो. तीन एकर कोरडवाहूचे चार तुकडे केले तर कुणाचंच पोट भरत नाही, हे खरंच आहे. पण मायेसाठी भावाला कुठंच सही करावी लागत नाही. बहिणीलाच का लागावी? निदान क्षेत्र किती, भाव काय चाललाय, विहीर कुणाच्या वाट्याला, एवढं तरी तिला आधी सांगावं. आठ दिवस विचाराला द्यावेत. नको म्हणाली तरी दिवाळीला न्यायला जावं.

सोडणं पुरुषांनाही जमतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. कायद्याची सक्ती नव्हती, कचेरीत खेटे घालावे लागले, तरी केला. ते सगळे कुणाचे ना कुणाचे भाऊही होतेच. तशीच एक हाक आता बहिणींसाठी गावोगावच्या चावडीवरून उठायला हवी.