वाशीमच्या वाटेवर एक ओरखडा

समृद्धी महामार्गाने मुंबईहून नागपूरला निघालेल्या प्रवाशाला वाशीम जिल्हा लागतो केव्हा आणि सरतो केव्हा, याचा पत्ताही लागत नाही. ७०१ किलोमीटरांचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पुरता खुला झाला. मालेगाव, मंगरूळपीर आणि कारंजा या तालुक्यांतून तो जातो. पण मोटारीच्या बंद काचेआड बसलेल्याला पळस दिसत नाही की पारावरची माणसे दिसत नाहीत. त्या महामार्गावर दुचाकीला मज्जाव आहे. ज्याच्याजवळ फटफटी असेल त्याने जुन्या रस्त्यानेच जावे, असा सरकारी दंडक. हा दंडक ज्याला शिक्षा वाटेल त्याला वाटो. मला तो वरदान वाटला.

वाशीम हा तसा उपेक्षित मुलूख. इंग्रजी अमलात १९०५ पर्यंत तो स्वतंत्र जिल्हा होता, मग अकोल्यात विरघळला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा स्वतंत्र झाला. पण मराठीच्या मास्तराला या गावाची ओढ असते ती निराळ्या कारणाने. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट इथे १९३९ साली सापडला. या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन हा राजा असून कवी होता; ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य त्याचे. आणि राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न लावले तेही याच वत्सगुल्मात! ज्या विषयावर आपले पोट चालते, त्याचे सासर-माहेर एकदा तरी पाहावे, असे कोणाला वाटणार नाही?

तेव्हा दिवाळी अंकासाठी काही लिहावे या निमित्ताने मी अकोल्याहून निघालो. वाहन माझे नव्हते, भाच्याचे होते. पोराला नोकरी लागून वर्ष व्हायचे होते; पहिल्या पगारांतून हप्ते भरीत त्याने ही गर्द निळी फटफटी घेतली होती. टाकीच्या उजव्या अंगाला ‘आईचा आशीर्वाद’ अशी वेलबुट्टीची चिकटपट्टी. ताई, म्हणजे त्याची आई, निघताना फाटकाशी उभी राहून मला म्हणाली, “दादा, नीट आण हो. त्याचा जीव आहे त्या गाडीत.” आता ज्या वस्तूत दुसऱ्याचा जीव आहे ती घेऊन प्रवासाला निघणे म्हणजे दूध काठोकाठ भरलेले पातेले घेऊन जिना चढण्यासारखे आहे.

पातूर सुटले, घाट चढला आणि मेडशी आली की वाशीम जिल्हा सुरू होतो. आश्विनातले दिवस. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळे पडून कापणीला आलेले, मधूनमधून तुरीचे हिरवे पट्टे, आणि काळी माती पावसाने अजून ओलसर. मालेगावहून मी शिरपूरच्या वाटेला लागलो. वाटेत एका गावात टपरीशी थांबलो. कडक जमीन पाहून गाडी लावली, खाली सपाट दगड ठेवला आणि बाकावर बसून चहाचा पेला हाती घेतला.

तेवढ्यात एक पांढरा धिप्पाड बैल आला. त्याच्यामागे त्याचा म्हातारा धनी, खांद्यावर दोरी. बैल फटफटीपाशी थांबला. त्याने तिचे जरा निरीक्षण केले, आणि मग डाव्या बाजूने आपली मान आसनाच्या कडेला लावून शांतपणे घासू लागला. दोन वेळा गाडी हलली. तिसऱ्या वेळी ती उजव्या अंगावर आडवी झाली. आवाज मोठा नव्हता. पण असा आवाज ज्याने ऐकला आहे त्याला त्याचे वर्णन नको. बैलाने एकदा मान झटकली आणि तो पुढे चालू लागला.

म्हातारा पार खचून गेला. “तो मारका नाही जी,” तो म्हणाला. “त्याले फक्त मान घासाची सवय हाये. खांब समजला असन.”

पडलेली फटफटी उचलण्याची एक रीत आहे. पुढे वाकून तिला ओढू नये, कंबर जाते. तिच्याकडे पाठ करून बसावे, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागची पकड धरावी आणि पायांच्या जोराने मागे मागे रेटीत जावे. टपरीवरच्या दोन पोरांनी हात लावला आणि गाडी उभी राहिली. टोपणातून थोडे पेट्रोल ठिबकले होते, म्हणून ते उडून जाईपर्यंत किल्ली लावली नाही. मग जखमा मोजल्या. पुढच्या ब्रेकची दांडी वाकलेली. उजवा आरसा तडकलेला. दिशा दाखवणारा दिवा लोंबकळलेला. सायलेन्सरच्या जाळीवर टीचभर खरवड. आणि टाकीवर, नेमक्या त्या ‘आशीर्वादा’ला अर्ध्यात फाडीत गेलेला एक लांब ओरखडा, शेवटी अंगठ्याएवढा पोचा.

हँडल सरळ होते, चाक मोकळे फिरत होते, ब्रेकचे तेल गळत नव्हते, पायाचा ब्रेक लागत होता. म्हणजे गाडीच्या जिवाला धक्का नव्हता. गेले होते ते रूप. पण मौज पाहा, जिवाला धक्का बसला असता तर लोकांनी नुसते हळहळून मौन पाळले असते. रूप गेले म्हणताच सगळे गाव वैद्य झाले! एकाने दात घासायची पेस्ट लावून फडक्याने घासायला सांगितले. दुसऱ्याने खोबरेल तेल सुचवले. तिसरा तरुण म्हणाला, “काहून एवढा इचार करता सर? नवीन स्टिकर मारून द्या. कोनाले समजते!”

यांतले काही अगदीच खोटे नाही. टाकीच्या पत्र्यावर आधी अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक चकाकीचा थर असतो. ओरखड्यावरून नख फिरवावे. नख अडकले नाही तर घाव त्या वरच्या थरातच आहे. बारीक पॉलिशने तो पुसट होतो, आणि पेस्टही थोडेफार तेच काम करते. नख अडकले तर घाव रंगापर्यंत गेला असे समजावे. आणि पत्राच चमकू लागला, तर पेस्ट, तेल आणि देवाचे नाव यांपैकी कशाचाही उपयोग नाही. माझे नख अडकत होते आणि दोन ठिकाणी पत्रा चमकत होता.

म्हातारा एवढा वेळ गप्प होता. आता त्याने बंडीच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, त्यातल्या घड्या घातलेल्या नोटा सोडवू लागला. “किती लागन ते सांगा सर. उरलेलं सोयाबीन निघालं की आनून देतो. अकोल्याले येनंजानं असते माहं.” ज्याचे पीक अजून शेतात उभे आहे, त्याच्या हातून ते पैसे कसे घ्यावेत? मी त्याचा हात धरून नोटा परत पिशवीत घातल्या. तो काही ऐकेना. शेवटी तोड निघाली ती अशी की, त्याने घरून उपरण्यात बांधून सीताफळे आणली आणि ती मी घेतली. निघताना तो म्हणाला, “मंग आता तुमच्या मनात काही नाही नं?” मी नाही म्हटले तेव्हाच त्याने बैलाची दोरी हाती घेतली. खरे सांगायचे तर माझ्या मनात पुष्कळ होते. पण ते बैलाबद्दल नव्हते, ताईबद्दल होते.

वाकड्या दांडीने हलका ब्रेक लावीत मी शिरपूरला पोचलो. शिरपूर हे जैनांचे मोठे क्षेत्र. अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती भुईला न टेकता अधांतरी आहे, या श्रद्धेवरून हे नाव पडले. एरवी मी भाविकांची गर्दी आणि मंदिराची घडण पाहून परतलो असतो. पण त्या दिवशी पृष्ठभाग हाच विषय डोक्यात होता, म्हणून तिथली एक गोष्ट फार निराळी ऐकू आली. ही मूर्ती जपण्यासाठी तिला काळाकाळाने लेप द्यावा लागतो. लेप कोणी द्यावा आणि त्यात कोणती चिन्हे उमटावीत, यावर श्वेतांबर आणि दिगंबर या दोन पंथांत शतकभर वाद चालला. १९०५ साली पूजेच्या वेळा वाटून घेतल्या गेल्या, १९२९ साली प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, १९८१ साली दाराला कुलूप लागले आणि पुढे चाळीसहून अधिक वर्षे भाविकांनी झरोक्यातून दर्शन घेतले. २०२३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने लेपाची वाट मोकळी केली, मार्चमध्ये दार उघडले. कोणाचे बरोबर, हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. मला एवढेच जाणवले की, वरचा थर ही वरवरची गोष्ट आहे असे जे आपण सहज म्हणतो, ते माणसाच्या मनाला मान्य नसते. ज्यावर प्रेम असते त्याचा वरचा थरही त्याला गाभ्याइतकाच लागतो.

दुपार कलताना वाशीम गाठले. भवानी काळूने अठराव्या शतकात बांधलेले बालाजीचे देऊळ पाहिले आणि मग मिस्त्रीचा पत्ता विचारीत निघालो. मिस्त्री पन्नाशीचा, मितभाषी. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि जणू तापाचा रोगी तपासावा तसा टाकीवर तळहात फिरवला.

“दांडी सरळ करत नाही,” तो म्हणाला. “ओतीव ॲल्युमिनियम हाये. आज सरळ होते, उद्या ऐन टायमाले तुटते. नवीनच टाका. आरसा, दिवा नवीन. जाळीले हात लावू नका; थे खरवड खाण्यासाठीच असते.”

विम्याचे विचारले तर त्याने मान हलवली. विमा मागितला की दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट जाते. ती स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर पहिल्या वर्षी २० टक्के असते आणि वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत पोचते. शिवाय प्लास्टिकच्या भागांची निम्मीच किंमत हाती पडते. दीड-दोन हजारांच्या कामासाठी ते परवडत नाही.

मग टाकीची पाळी आली. फाटलेली पट्टी त्याने गरम वाऱ्याने सैल केली आणि अलगद सोलून काढली. काढली आणि थांबला. “हे तर जुनं हाये, सर.”

‘आईच्या आशीर्वादा’खाली आणखी एक ओरखडा होता! आजच्या ओरखड्याला आडवा जाणारा, बोटभर लांब, आणि त्याच्या कडेने तांबूस गंज चढलेला. कोणीतरी घाव न पुसता, न वाळवता त्यावर पट्टी चिकटवली होती. खाली पाणी साठून राहिले आणि एका पावसाळ्यात पत्रा खायला लागले.

मी भाच्याला फोन लावला. बैलाची हकिकत सांगितली, तो हसला. पट्टी काढली म्हणताच हसणे थांबले.

“मामा, आईला कळलं का?”

“तिला कसं कळेल? मी वाशीमला आहे.”

“गाडी घेतल्यावर पंधरा दिवसांतच झालं ते. आईने नजर काढून नारळ फोडला होता हो गाडीपुढे. तिला काय सांगणार? म्हणून ती पट्टी. मामा, तुम्ही तसलीच पट्टी परत लावून आणा ना.”

मिस्त्री कान देऊन ऐकत होता. तो म्हणाला, “लावून देतो, शंभर रुपयांत. कोनाले दिसनार नाही. पन दोन पावसाळ्यांत आरपार छेद पडन.”

मी भाच्याला ते तसेच सांगितले आणि म्हटले, “गाडी तुझी, आई तुझी. तू सांगशील तसं करतो.” बराच वेळ पलीकडून फक्त रस्त्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, “गंज काढायला सांगा. आईला मीच सांगतो. तुम्ही यायच्या आत.”

पुढचे दोन तास मी एका डब्यावर बसून ते काम पाहिले. मिस्त्रीने टाकी रिकामी करून उतरवली. गंज धातू उघडा पडेपर्यंत घासला. पोच्यात पातळ लांबी भरली, ती वाळल्यावर पाण्याच्या कागदाने इतकी घासली की बोटाला पोचा सापडेना. मग अस्तर, मग रंग, मग चकाकी. आणि दोन थरांच्या मध्ये वाळण्याची वाट पाहणे. घाई केली तर रंग फुगतो, एवढेच तो म्हणाला. जिथे पत्रा उघडा होता तेवढीच जागा त्याने रंगवली, बाकी पॉलिश. वैदर्भी रीतीची थोरवी आम्ही वर्गात सांगतो ती हीच: अलंकार बेताचा आणि जिथल्या तिथे. प्राकृतात त्या रीतीला या गावावरूनच ‘वच्छोमी’ म्हणतात. मिस्त्रीला हे सांगितले असते तर त्याने कागद घासता घासता नुसती मान डोलावली असती.

जुन्या उन्हाने विटलेल्या निळ्याशेजारी नवा निळा किंचित गडद दिसतो. ते कोणालाही टळत नाही, असे तो म्हणाला. वर्षभरात ऊन दोघांना सारखे करते.

अकोल्याला पोचायला रात्र झाली. ताई फाटकात होती. तिने टाकीवर बोट फिरवले, आधी नव्या रंगावरून, मग जुन्या. “इथे होता का रे तो?” तिने मुलाला विचारले. तो “हो” म्हणाला. चार शब्द तिने त्याला सुनावले, त्यांतले दोन माझ्याही वाट्याला आले, आणि मग ती सीताफळे सोडवू लागली. उपरण्याची घडी घालून तिने ते वेगळे ठेवले आणि म्हणाली, “हे म्हाताऱ्याला परत द्यायला हवं. पुढच्या खेपेला दोघेही जा. आणि दिवाळीचा फराळ घेऊन जा.”

टाकीवर आता पट्टी नाही. सायलेन्सरच्या जाळीवरची खरवड मात्र तशीच आहे. भाचा गाडी धुतो तेव्हा ती कशी पडली हे तो मित्रांना सांगतो, आणि त्याच्या सांगण्यात बैल दर वेळी थोडा मोठा होत जातो.