पाणचक्कीपाशी

सोनीचा वॉकमन जपानात १९७९ साली आला. आता तेच काम फोन करतो. ओटा आवरताना कानात गाणी नसली तर मला मुळी करमतच नाही!

परवा सासूबाईंना आमच्या छत्रपती संभाजीनगरातल्या पाणचक्कीवर नेलं. डोंगराकडचं पाणी मातीच्या नळांतून आणून त्यावर पूर्वी इथं फकिरांसाठी पीठ दळत. हौदाच्या काठाशी टेकल्यावरही माझं गाणं चालूच. त्यांचे ओठ हलताना दिसले, तेव्हा कुठं कान मोकळे केले.

"काय म्हणालात, आई?"

"तुझ्या सासऱ्यांबरोबर पहिल्यांदा इथं आले होते, त्याची गोष्ट. झाली सांगून!"

"पुन्हा सांगा ना!"

"आता घरी चल, दिवेलागण झाली."

मैत्रिणींनो, गाणं मागं नेऊन पुन्हा ऐकता येतं. बोलणं नाही.