गोळी हातात ठेवताना

औषधविक्रेत्याचं कसब कपाटातून नेमकी पट्टी काढण्यात आहे, असं लोकांना वाटतं. ते सरावाने जमतं. खरी कसोटी लागते ती पट्टी समोरच्याच्या हातात ठेवताना, आणि चिठ्ठी मनाच्या आजाराची असेल तर सगळ्यात जास्त.

अशी चिठ्ठी बहुधा घडी घालूनच पुढे येते. मी औषधाचं नाव मोठ्याने घेत नाही. गर्दी ओसरू देतो, मग माणसाला काउंटरच्या कडेला बोलावतो.

एसिटालोप्रॅम, सर्ट्रालिन यांसारखी नैराश्यावरची औषधं आधी त्रास देतात, गुण मागाहून. मळमळ, डोकेदुखी, बेचैनी पहिल्या आठवड्यातच जाणवते; मन सावरायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. नेमकी तेव्हाच माणसं गोळी सोडतात. म्हणून हा क्रम मी आधीच सांगतो. सोबत हेही सांगतो, की तगमग फार वाढली किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. तरुण मुलांच्या घरच्यांना हे पुन्हा बजावतो.

औषध सुटण्याची दुसरी वेळ बरं वाटू लागल्यावर येते. एकदम बंद केलं तर चक्कर, चिडचिड, अंगात वीज चमकल्यासारखं होतं. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनी ठरवलेल्या टप्प्यांनीच.

“सवय लागेल का?” हे सगळेच विचारतात. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम या चिंता कमी करणाऱ्या किंवा झोप आणणाऱ्या गोळ्यांबाबत ही काळजी रास्त आहे. मार्च 2014 पासून ही औषधं एच-वन अनुसूचीत, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांच्या यादीत आहेत. डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव आम्ही वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहितो, ते रजिस्टर तीन वर्षं जपतो. शेजाऱ्याची उरलेली पट्टी वापरू नका आणि या गोळ्यांवर दारू अजिबात नको, हे मी प्रत्येकाला सांगतो.

मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवर लिथियम घेणाऱ्यांशी बोलणं लांबतं. त्याची योग्य मात्रा आणि घातक मात्रा यांत फार अंतर नसतं, म्हणून वेळोवेळी रक्त तपासावं लागतं, तेही शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी. उन्हाळ्यात घाम, जुलाब यांनी अंगातलं पाणी कमी झालं, किंवा कंबर दुखते म्हणून आयब्युप्रोफेन घेतली, तर रक्तातलं लिथियम वाढतं. हात थरथरू लागले, तोल जाऊ लागला, तर थेट दवाखान्यात.

ज्याला डॉक्टरांपर्यंत पोहोचणंच जमत नाही, त्याला मी 14416 हा क्रमांक लिहून देतो. टेली-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. फोन मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.

गोळी घेण्याचं धैर्य रुग्णाचं असतं. ते टिकावं म्हणून पुढे काय होणार हे त्याला आधी कळायला हवं. तेव्हा औषध घेताना घाई करू नका. जे मनात असेल ते काउंटरवरच विचारा. उत्तर देणं आमचं कामच आहे.