वाट माहितीये म्हणणारी

कर्जत स्टेशनबाहेर कोंडिवड्याची रिक्षा भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून आमची गाठ पडली. जुलैचा रविवार. कल्याणची कॉलेजातली तीन मुलं, डोंबिवलीचं एक जोडपं, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि एकटीच आलेली मी. सगळ्यांना कोंडाण्याची लेणी पाहून राजमाचीला चढायचं होतं.

"वाट कुणाला माहितीये?" काकांनी विचारलं.

"मला," मी म्हणाले.

राजमाचीला मी एकदाच गेले होते, तेही लोणावळ्याकडून. ती बाजू म्हणजे लांबलचक पण सोपी पायपीट. कोंडाण्याची चढण मी पाहिलीही नव्हती. पण एकट्या बाईला सांभाळून न्यायला हवं, असं कुणाच्या मनात यायच्या आत मला बाजी मारायची होती.

लेण्यांपर्यंत निभावलं. कड्यावरून पाण्याचा पडदा कोसळत होता, त्याच्यामागे चैत्य. विहाराच्या छताला लाकडी वाटाव्यात अशा तुळया दगडात कोरलेल्या. चैत्याच्या दर्शनी भागावर, डाव्या अंगाला, एका भग्न मूर्तीच्या डोक्याशी ब्राह्मीत एक ओळ आहे : कण्हाचा शिष्य बलक, त्याने हे केलं. मला ब्राह्मी येत नाही, अर्थ पुस्तकातून पाठ केलेला. तरी बोट फिरवत वाचल्यासारखं केलं आणि वर ऐकवलं, "बघा, २,००० वर्षांपूर्वीचा कारागीर, पण स्वतःच्या आधी गुरूचं नाव घालतो!" झालं, सगळे माझ्या मागे निघाले.

पुढे धुक्यात वाट फुटली. मी जास्त मळलेली धरली. ती ढोरवाट होती. तासाभराने कारवीत विरून गेली.

"ताई, बरोबर चाललोय ना?"

"हो, आलंच."

हे खोटं पहिल्यापेक्षा वाईट. कारण काकांचे पाय थरथरताना मला दिसत होते. दहा पावलांवर ते घसरले, गुडघा फुटला. तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं : "मी या वाटेने कधी आलेलीच नाही."

आता बोलणी खायची, असं धरून चालले होते. डोंबिवलीच्या ताई म्हणाल्या, "मग आधी बसू या." काकांच्या गुडघ्याला रुमाल बांधला, डबे उघडले. थालीपीठ, लसणाची चटणी, पावसाने लगदा झालेली बिस्किटं. मग एकेकाचं बाहेर आलं. मुलं घरी 'जादा तास आहे' सांगून आली होती. काकांनी डॉक्टरांना विचारलंच नव्हतं. डोंबिवलीचे दादा म्हणाले, "मला उंचीची भीती वाटते, हे हिलाही आत्ताच कळतंय." त्या ओल्या उतारावर आम्ही सातजण पोट धरून हसलो.

हसणं ऐकून एक गुराखी वर आला, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ. काही न विचारता त्याने काकांचा हात धरला, आम्हाला फाट्यापर्यंत आणलं, "हितनं सरळ" म्हणाला आणि गुरांकडे परत गेला.

वर राजमाचीच्या उधेवाडी गावात पिठलं-भाकरी वाढताना घरच्या मावशींनी विचारलं, "वाट कुणी दावली?"

"एका गुराख्याने."

"कोन? नाव काय त्याचं?"

सहाजणांनी माझ्याकडे पाहिलं. नाव विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं. बलकाची ओळ ऐकवणारी तर मीच होते.